अनसूया शिखर आणि ताईचे गुडघे

नवरात्र जवळ आले की घाटंजीतल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून झालेला असतो, गोळ्यांची चिठ्ठी हातात पडलेली असते, आणि खुर्चीवरून उठता उठता आजी किंवा आजोबा विचारतात, "डॉक्टरसाहेब, औंदा गडावर जाऊ का?" गड म्हणजे माहूरचा गड. त्याच वेळी आजींच्या पाठीमागे उभा असलेला मुलगा मला डोळ्यांनी खुणावत असतो की, नाही म्हणा. "नाही" म्हणायला डॉक्टरला अर्धे मिनिटही लागत नाही. "हो" म्हणायचे तर वीस मिनिटे लागतात. कारण मग कोणत्या महिन्यात, कोणाबरोबर, कोणत्या गोळ्या घेऊन, किती वेळात आणि मुख्य म्हणजे कोणत्या पायांनी, हे सगळे सांगावे लागते. ती वीस मिनिटे आज या लेखासाठी काढली आहेत.

घाटंजी हे वाघाडी नदीच्या काठचे गाव. टिपेश्वर अभयारण्याचा काही भाग आमच्याच तालुक्यात येतो, त्यामुळे सागवानी टेकड्यांची आम्हांस वाण नाही. परंतु ते वाघांचे रान. तेथे पायी भटकण्याचा विचारही करता येत नाही. पायांनी डोंगर चढायचा असेल तर आमच्या भागातला माणूस माहूरची वाट धरतो. आर्णीमार्गे निघून धनोड्याजवळ पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा मागे पडतो आणि नांदेड जिल्ह्याचा डोंगराळ माहूर तालुका सुरू होतो.

माहूरला तीन डोंगर. एकावर रेणुकामाता, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांतले एक पूर्ण पीठ. दुसऱ्यावर दत्तप्रभू. तिसऱ्यावर दत्तात्रेयांची माता अनसूया. पहिल्या डोंगरावर बारा महिने गर्दी. दुसऱ्यावर पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला पाऊल ठेवायला जागा नसते. तिसऱ्याचे नाव निघाले की बहुतेक मंडळी घड्याळाकडे पाहतात आणि "पुढच्या वेळी" म्हणतात. आई मागे राहिली आणि मुलगा प्रसिद्धीला आला, असे हे घरोघरचे चित्र डोंगरांतही दिसते. मला स्वतःला हे तिसरे शिखर सर्वांत आवडते. तेथे रांग नाही, रेटारेटी नाही; चढताना कुणाच्या टाचेवर पाय पडत नाही आणि मागून कुणी "चला, चला" म्हणत नाही. वयस्कर माणसाला डोंगरावर जे हवे असते, ते म्हणजे स्वतःच्या गतीने चालण्याचे स्वातंत्र्य. ते येथे मिळते.

माहूरचा इतिहास सांगू लागलो तर लेखाचा विषय बाजूला राहील, तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माहूरची देशमुखीण रायबागन ही मोगलांच्या बाजूने लढणारी पराक्रमी स्त्री. १६६१ साली कारतलबखानाची फौज सह्याद्री उतरून कोकणात जात असता उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी ती कोंडीत पकडली, तेव्हा ही खानाबरोबर होती, आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच त्याला दिला, असे इतिहास सांगतो. डोंगर चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे माहूरच्या बाईला खानाच्या आधी कळले, ही कल्पना मला उगाचच सुखावते. कारण या लेखात मला सांगायचे आहे तेही उतरणीबद्दलच.

आपण सगळे चढणीला भितो. धाप लागेल, छातीत धडधड होईल, ही भीती. ती निराधार नाही. चढताना हृदयाला आणि फुप्फुसांना काम पडते. पण चढणीचा एक गुण आहे. ती आगाऊ सूचना देते. दम लागला की माणूस आपोआप थांबतो. उतरण अशी प्रामाणिक नसते. उतरताना दम लागत नाही, बोलता येते, हसता येते, आणि त्यामुळे आपण ठीक आहोत असे वाटते. त्या वेळी सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर आणि गुडघ्याच्या वाटीवर येत असतो. चढताना हा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराला धरून ठेवतो, जणू विहिरीत घागर सोडताना दोर हातातून हळूहळू सोडावा तसा. दोर धरणारा हात दमला की घागर धाडकन खाली जाते. वृद्ध माणसाचा गुडघा उतरणीवर एकाएकी "सुटतो" तो याच कारणाने. माझ्याकडे आलेले यात्रेतले मुरगळलेले घोटे आणि मोडलेली मनगटे मी आठवून पाहतो, तेव्हा त्यांतले बहुतेक उतरतानाचे असतात.

आता माझ्या ताईविषयी. माझी थोरली बहीण अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिला घाटंजीतच दिलेली आहे. तीन वर्षांपूर्वी भाऊजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. समजते सारे, पण शब्द ओठांवर येत नाही. तेव्हापासून त्यांना उठवणे, बसवणे, न्हाणीघरात नेणे, भरवणे, रात्री दोन वेळा कुशीवर वळवणे, हे सारे ताई करते. मुलगा पुण्याला नोकरीत. तो पैसे पाठवतो, रोज फोन करतो आणि काळजी करतो. या तीन वर्षांत यवतमाळच्या दवाखान्याखेरीज ताईने गाव सोडलेले नव्हते. गेल्या भाद्रपदात मी भाऊजींचा रक्तदाब तपासायला गेलो असता ती चहा देता देता म्हणाली, "मला एकदा अनसूयेला जायचंय."

त्याचे कारण मला ठाऊक होते. मी दोन वर्षांचा असताना आईने आम्हां दोघांना तेथे नेले होते. ताई तेव्हा चौदा वर्षांची. अर्धी वाट आईने मला कडेवर घेतले आणि उरलेली अर्धी ताईने. मला त्यातले काही आठवत नाही. ताईला पायरीन्‌पायरी आठवते.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही तरी तिला समजवा. तिचे गुडघे असे. तिला काही झालं तर बाबांना कोण बघणार?"

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि त्यात प्रेमच असते, हे मी जाणतो. पण ज्या बाईला आपण डोंगर चढू नको म्हणतो, तीच बाई दिवसातून दहा वेळा साठ-पासष्ट किलोच्या माणसाला पलंगावरून उभे करते, न्हाणीघराचा उंबरा ओलांडून नेते आणि पुन्हा हळूच खाली बसवते. खाली बसवणे म्हणजे काय? तीच उतरण, आणि तीही दुसऱ्याचा भार घेऊन. तिची मांडी दुबळी असेल तर धोका माहूरच्या पायऱ्यांवर नाही. तो रोज घरात, ओल्या फरशीवर आहे. मी भाच्याला म्हटले, "तिला नेतो की नाही ते तीन महिन्यांनी ठरवू. पण पाय आजपासून तयार करू. ते तुझ्या बाबांसाठीही लागतीलच."

सुरुवात तपासणीने केली. साठीपुढच्या कोणीही डोंगराचा बेत केला तर आधी रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख एवढे तरी पाहावे. ताईचा आलेख चांगला होता, रक्तदाब गोळीने आटोक्यात होता, हिमोग्लोबिन मात्र ९.४. "जरा काम केलं की दम लागतो" असे ती म्हणत होती आणि घरचे सारे ते वयावर ढकलत होते. वयावर ढकललेल्या दम्यामागे अनेकदा रक्तक्षय असतो. त्याचे कारण शोधून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, हे तिला चार वेळा सांगावे लागले.

मग खुर्चीची चाचणी. ही आपण घरी करू शकता. बिनहाताची, न हलणारी, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर घडी घालून बसावे. तीस सेकंदांत हातांचा आधार न घेता किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते मोजावे. शेजारी कुणीतरी उभे असावे. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांचे बळ सरासरीहून कमी आणि पडण्याचा धोका अधिक, असे समजतात. ताईला जमले सहा वेळा. सहाव्या वेळी ती बसली नाही, खुर्चीत पडलीच.

व्यायामासाठी तासभर बाहेर फिरून या, असे परिचारक माणसाला सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. ज्याला वीस मिनिटांहून अधिक काळ रुग्णाला एकटे सोडता येत नाही, तो सकाळी फिरायला कसा जाईल? म्हणून आम्ही सगळा व्यायाम भाऊजींच्या पलंगाशेजारीच मांडला. खुर्चीवरून उठायचे एका दमात, पण बसायचे चार आकडे मोजत. एक, दोन, तीन आणि चारला खुर्चीचा स्पर्श. उठण्यापेक्षा या हळू बसण्यात गोम आहे. उतरणीला लागणारे बळ त्यातूनच येते. दुसरा व्यायाम ओट्याच्या पायरीवरचा. हाताला कठडा किंवा भिंत, आणि एका पायावर भार ठेवून दुसरा पाय चार आकड्यांत खाली. सुरुवातीला प्रत्येकी पाच वेळा, दिवसातून तीनदा. गुडघा दुखला तर उशी घालून खुर्चीची उंची वाढवायची आणि आठवड्याने पुन्हा कमी करायची. सगळे मिळून प्रत्येक वेळी दहा मिनिटे.

येथे एक गोष्ट घडली, ती मी योजलेली नव्हती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ताई खुर्चीवर बसताना मोठ्याने "एक, दोन" म्हणत होती, आणि पलंगावरून भाऊजी म्हणाले, "तीन, चार."

पक्षाघातात वाचा गेलेल्या अनेक रुग्णांमध्ये असे आढळते. स्वतःच्या मनातला शब्द सापडत नाही, पण आकडे, वारांची नावे, लहानपणी पाठ केलेले श्लोक अशा ठरीव क्रमाच्या गोष्टी ओघाने तोंडातून येतात. वैद्यकशास्त्राला हे जुने ठाऊक आहे आणि वाचोपचारातही त्याचा उपयोग करतात. पण ताईने ते तीन वर्षांत प्रथमच ऐकले. त्या दिवसापासून मोजण्याचे काम भाऊजींकडे गेले. ताई उभी राहून वाट पाहायची, आणि ते "एक" म्हणाले की मग खाली बसायला सुरुवात करायची. कधी ते "दोन"वर अडकत, तेव्हा ताई अर्धवट वाकलेल्या स्थितीत तशीच थांबे. तिच्या मांडीला त्याने किती बळ आले असेल!

दिवाळीला तिची मोजणी आठवर गेली, मार्गशीर्षात अकरावर. हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेले. मी पौषातला एक बुधवार ठरवला. बुधवार अशासाठी की मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, आणि शनिवार-रविवार सुटीचे. चारही दिवशी माहूरला गर्दी. शेजारच्या काकूंना हे पसंत पडले नाही. "माहूरला जाऊन रेणुकामाईचं दर्शन नाही?" ताई म्हणाली, "तिला तिकडूनच हात जोडीन. माझे पाय एका डोंगराचेच आहेत." एका दिवसात तिन्ही शिखरे उरकण्याचा आग्रह धरणाऱ्या मंडळींनी हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डोंगरावर नेताना औषधांचे काही नियम सांगतो. रक्तदाबाची वा हृदयाची गोळी प्रवास म्हणून चुकवू नये. लघवी वाढवणारी गोळी असेल तर वाटेत गैरसोय होईल म्हणून लोक ती परस्पर बंद करतात; तसे करू नये, तिची वेळ बदलता येते का ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. हृदयाची गती मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेऊ नये, कारण श्रम झाले तरी अशा माणसाची नाडी फारशी वाढत नाही. त्याऐवजी बोलण्याची कसोटी वापरावी. चालता चालता एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले तर गती योग्य. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर थांबावे. मधुमेही माणसाने उपवास धरून चढू नये, देवीचा वार असला तरी. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काही झाले तर आधी ते तोंडात टाकावे. आणि अनवाणी चढण्याचा नवस असेल तर मधुमेहींनी तो देवीची क्षमा मागून सोडावा. पायांची संवेदना कमी झालेली असते. दुपारच्या तापलेल्या दगडाने तळव्याला फोड आला तरी कळत नाही, आणि त्या फोडाची जखम महिनोन्‌महिने पुरते. वर चप्पल काढावीच लागते, तेथे जाड मोजे घालावेत, आणि रात्री घरी तळवे उजेडात तपासावेत.

अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला, विश्रांतीतही छातीत दुखणारे, पायांवर सूज घेऊन रात्री उशा रचून झोपणारे, हृदयाची झडप अरुंद असलेले, अशांना मात्र मी स्पष्ट नाही म्हणतो. इतरांनीही छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम, किंवा पाच मिनिटे बसूनही न ओसरणारा दम यांपैकी काहीही झाले तर पुढची पायरी चढू नये. बसावे आणि १०८ला फोन लावावा.

वेळेचा हिशेब हाही औषधाइतकाच महत्त्वाचा. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नैस्मिथ यांनी १८९२ साली एक साधा नियम सांगितला. सपाटीच्या सुमारे ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. डोंगर चालणारे अजून तो वापरतात. तो धडधाकट माणसाचा हिशेब. साठीपुढच्यांसाठी मी तो दुप्पट धरतो आणि उतरण्यासाठी चढण्याइतकाच वेळ वेगळा राखतो. त्याच बाजूला आयर्लंडमध्ये क्रो पॅट्रिक नावाचा ७६४ मीटरचा डोंगर आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी तेथे हजारो यात्रेकरू चढतात, त्यांत काही अनवाणी. वरचा भाग सुट्या, घसरत्या दगडांचा असल्याने डोंगरावरच्या बचावपथकांना त्या दिवशी जागरूक राहावे लागते. माणसाची श्रद्धा आणि माणसाचा घोटा दोन्ही सर्वत्र सारखेच. त्या देशातले जाणते चालणारेही मग गर्दीचा डोंगर टाळून, ज्याचे नाव फारसे कुणी घेत नाही अशी एखादी टेकडी निवडतात आणि माथ्यावर बसून चहूकडचा मुलूख पाहतात. आमची अनसूया तशीच.

पंधरा दिवस आधीपासून ताईने एका मावशींना घरी येण्याची सवय लावली होती. त्यांनी पूर्वी रुग्णसेवा केलेली. भाऊजींना भरवताना पाठ सरळ ठेवायची, चमचा लहान, एक घास गिळल्यावरच दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही, हे ताईने त्यांच्याकडून रोज करवून घेतले. एका दिवसाच्या सुटीसाठी पंधरा दिवसांची तयारी! पण त्याशिवाय ताईचे मन घरातून निघाले नसते, आणि मन मागे राहिलेला माणूस पायरीवर नीट पाय ठेवत नाही.

आम्ही पहाटे निघालो. पत्नी बरोबर होती. धनोड्याच्या पुलावर पैनगंगेवरचे धुके अजून उठायचे होते. आठच्या सुमारास आम्ही अनसूया शिखराच्या पायथ्याशी होतो. ताईच्या पायांत नाडीचे बूट, तेही महिनाभर घरात वापरून सैलावलेले. हातात काठी. काठीची उंची हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या वळीइतकी असावी, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. ताईचा उजवा गुडघा दुखरा, म्हणून काठी डाव्या हातात. माहूरला काठीचा आणखी एक उपयोग आहे, वानरांना दूर ठेवण्याचा.

चढताना निरोगी पाय आधी, हा नियम. ताई डावा पाय वर ठेवी, उजवा शेजारी आणी, आणि मग पुढची पायरी. दर पंधरावीस पायऱ्यांवर थांबायचे, दम लागण्याआधीच. पहिल्या टप्प्यात ती अखंड बोलत होती: येथे आईने पदर खोचला होता, येथे तू रडलास, येथे मी तुला घेतले. पुढे पुढे बोलणे तुटू लागले. एका ठिकाणी ती एकदम गप्प झाली, तेव्हा मी थांबलो. दम होता, पण दोन मिनिटांत ओसरला. छातीत काही नव्हते. "आईने तुला इथून माझ्याकडे दिलं," ती म्हणाली आणि पुढे निघाली. दोन्ही बाजूंना साग. मोठी पाने वाळून खडखडीत झालेली, वारा आला की पावसासारखा आवाज. मध्येमध्ये सीताफळाची झुडुपे.

माथ्यावर दर्शन झाले. ताई बाहेर आली आणि उंचशा कट्ट्यावर बसली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी डोंगरावर कधीही जमिनीवर बसू नये, उठताना सगळी शक्ती तेथेच संपते. समोर डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या. रेणुकेचा डोंगर, दत्तशिखर, खाली माहूर गाव. त्यापलीकडे पैनगंगेचे खोरे. पाण्यापेक्षा काठच्या झाडीवरूनच नदी ओळखायची. नदीच्या अलीकडे-पलीकडे तुरीची शेते, काही उभी, काही कापलेली, आणि कापसाचे पांढुरके चौकोन.

"घाटंजी कुठे रे?" तिने विचारले. मी ईशान्येला बोट दाखवले. दिसत काही नव्हते, धुरकट निळी रेघ फक्त. ती तिकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आता मावशींनी दूध दिलं असेल." आणखी थोड्या वेळाने ती वाऱ्याबद्दल बोलू लागली, मग आईच्या लुगड्याच्या रंगाबद्दल. पुढचा बराच वेळ तिने घड्याळ विचारले नाही. तीन वर्षे अंथरुणापासून भिंतीपर्यंत, फार तर न्हाणीघराच्या दारापर्यंत पोहोचणारी तिची नजर आज पन्नास कोस मोकळी धावत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी याचे काय नाव ठेवले आहे मला माहीत नाही. मी तिचा चेहरा पाहत होतो. तिने रेणुकेच्या डोंगराकडे हात जोडले आणि काठी मागितली.

उतरताना नियम उलटा, दुखरा पाय आधी. ताई काठी खालच्या पायरीवर टेकवी, मग उजवा पाय, मग डावा. उंच पायरी आली की आडवे होऊन, कठड्याकडे तोंड करून उतरायचे. मी तिच्या एक पायरी खाली आणि किंचित बाजूला होतो. वृद्धांना उतरवताना सोबत्याची जागा तीच; वरून हात धरून ओढणारा दोघांनाही पाडतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीपासून मला तिचे पुटपुटणे ऐकू येऊ लागले. "एक, दोन, तीन, चार." प्रत्येक पायरीला चार आकडे. चढायला लागला त्यापेक्षा उतरायला आम्हांला जास्त वेळ लागला, आणि मला त्याचे अतिशय समाधान वाटले. खाली पोहोचली तेव्हा मांड्या थरथरत होत्या. लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी पिऊन ती अर्धा तास गाडीत पाय वर घेऊन बसली.

माहूरहून निघताना तिने देवीचा प्रसादाचा तांबूल घेतला. हा कुटलेला विडा, त्यामुळे दात नसलेल्यांनाही चालतो. घरी पोहोचल्यावर ताईने तो भाऊजींना भरवायला घेतला, तेव्हा मी तिचा हात धरला. गिळण्याचे स्नायू दुबळे असलेल्या रुग्णाच्या घशात असा चोथा श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. तिने बोटाने नुसता रस त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी जिभेने तो चाटला आणि डाव्या हाताने वर, छताकडे बोट दाखवले. "हो, वरपर्यंत," ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस ताईच्या मांड्या ठणकत होत्या. अनभ्यस्त उतरणीनंतर हे व्हायचेच. ते दुसऱ्या दिवशी वाढते आणि तीन-चार दिवसांत जाते. स्नायू दुखावा, सांधा सुजू नये. गुडघ्यावर सूज आली, तो गरम लागू लागला किंवा दुखणे आठवड्यापलीकडे गेले तर दाखवावे. ताईचा गुडघा सुजला नाही. पोराने फोनवर विचारले, "आई, पाय दुखतात का गं?" ती म्हणाली, "दुखतात. पण माझे आहेत."

मावशी आता महिन्यातून दोन बुधवार येतात. त्याचे पैसे भाचा पाठवतो, आणि दत्तशिखराचा बेत उन्हाळा सरल्यावर करायचा असे ठरले आहे. त्यातल्या पहिल्या बुधवारी ताई कुठे जाते याची मला उत्सुकता होती. ती कुठेच गेली नाही. दुपारी मी डोकावलो तर मावशी भाऊजींना लहान चमच्याने वरण-भात भरवत होत्या आणि आतल्या खोलीचे दार लोटलेले होते. मी काही विचारणार, तोच भाऊजींनी डाव्या हाताचे बोट ओठांवर ठेवून मला गप्प केले.